चादरीचं दुसरं टोक

शमीम खालांच्या सुनेचा फोन आला तेव्हा कुकर गॅसवर होता. "ताई, अम्मी गेल्या…" मी गॅस बंद केला. पहिला विचार मनात आला तो खालांचा नव्हता. आता सानिकाला कोण आवरणार, हा होता.

त्याला काही आठवडे झाले, तरी मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मधेच उठून कपडे वाळत घालून आले.

आमची आणि खालांची गच्ची एकच. माझ्या मुलीला, सानिकाला, एडीएचडी आहे. राग आला की तिचा हात आधी चालतो, शब्द मागून येतात. औषध, समुपदेशन सुरू होतं. पण मैत्रिणींच्या वाढदिवसांची बोलावणी बंद झाली होती. शेजारची रेणुका तेवढी उरली होती, आणि एका दुपारी गच्चीवर खेळताना सानिकानं तिलाही ढकललं. रेणुका रडत निघाली. मी ओरडणार, तेवढ्यात खाला म्हणाल्या, "तुम्ही थांबा की जरा." त्यांनी बादलीतली ओली चादर उचलली. सोलापुरी चादर भिजली की एकट्याला पिळवत नाही. "रेणुका, जायचं तर जा गं, पण आधी हे टोक धर. माझे हात लई दुखतात."

दुसरं टोक त्यांनी सानिकाच्या हातात दिलं. दोघी तावातावानं पिळायला लागल्या, पण एकाच दिशेनं. चादर नुसती गोल फिरली, थेंब गळेना. खाला हसल्या. "दोरीवरच्या उड्या खेळताय काय? तिच्याकडं बघ की. ती तिकडं, तू हिकडं." सानिकानं मान वर करून रेणुकाकडे बघितलं… आणि पाणी धो धो गळलं.

"लागलं का तुला?" सानिका पुटपुटली.

"लई."

"परत नाही ढकलणार."

"ढकलशील तू. पण आधी सांग, मी सरकते."

पुढे राग चढला की सानिका स्वतःच "खाला, चादर!" म्हणत जिना चढायची. खाला वाळलेली चादरसुद्धा पुन्हा भिजवायच्या.

ती निळी चादर सुनेनं आम्हाला दिली. परवा सानिका शाळेतून धुमसत आली, दप्तर फेकलं आणि चादर घेऊन थेट गच्चीवर गेली. मी मागोमाग. तिनं ती बादलीत बुचकळली. मी एक टोक धरलं आणि भराभर पीळ घालायला लागले.

"मम्मी, तू माझ्याकडे बघतच नाहीस. थांब, रेणुकाला बोलावते."

तिनं कठड्यावरून हाक मारली. रेणुका जिना चढून येईपर्यंत मी ते टोक धरून उभी राहिले… न हलता.