उभ्यानं पाहिलेलं बेंगळूर

निपाणी ते बेळगाव मी एसटीत उभी गेले. जागा नव्हती म्हणून नाही. कंडक्टर दोनदा म्हणाला, "आज्जी, मागची सीट रिकामी हाय, बसा की." तिसऱ्यांदा मी सांगितलं, "बसायच्या जागीच गाठ आहे, बाबा." तो पुढं गेला, तो परत माझ्याकडं फिरकला नाही.

गाठ बारा वर्षांची. जन्मभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्यात कधीतरी उजव्या कुल्ल्यावर आली. सुजते, ठणकते. मी कणीक-हळदीचं गरम पोटीस बांधते, ती फुटते, बरं वाटतं. चार महिन्यांनी पुन्हा हजर. गल्लीत कुणालाही गळू झालं की पोटीस माझ्याच हातचं लागतं, म्हणून मला यातलं कळतं असं मी धरून चालले होते. यंदा मात्र थकले. मुलगी शैला बेंगळूरला असते, तिनं सर्जनबाईंची वेळ घेतली. गाठ मुळासकट काढायची आणि मांडी घालून सरळ बसायचं, एवढ्यासाठी हा प्रवास.

बेळगावहून रेल्वेत सगळी वाट डाव्या कुशीवर काढली. सकाळी बेंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनात उतरले. अंगावर शाल लागेल एवढा गारठा होता. शैला म्हणाली, "आई, स्वल्प (थोडं) हळू." तिच्या बोलण्यात आता कानडी मिसळलंय, तिला ते कळतही नाही.

रिक्षात मी सीटवर गुडघे टेकून, तोंड मागं करून बसले. रिक्षावाला कानडीत काही बोलला आणि शैला हसली. "विचारतोय, आजी मागं कुणाला शोधताहेत?" मी म्हटलं, "त्याला म्हणावं, पुढं बघ." फुलांचे ढीग, मेट्रोचे खांब, केळ्यांच्या गाड्या असं सगळं बेंगळूर मला मागं मागं जाताना दिसलं.

वाटेत तिनं दर्शिनीत (उभ्यानं खायचं हॉटेल) नेलं. इडली, वर चटणी ओतलेली. मग बायटू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोघींत. सुटाबुटातली माणसंही उभ्यानंच खात होती. कुणी "बसा" म्हटलं नाही. या शहरात मला आवडलेली जागा तीच.

सर्जनबाईंची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. आदल्या दुपारी शैला कामावर जाताना बजावून गेली, "गोळ्या घे, गाठीला हात लावू नको." ठणका थांबेना. मी तिच्या तव्यावर कणीक, हळद, तेल परतलं आणि दोनदा पोटीस बांधलं. म्हटलं, पिकून मोकळी झाली तर बाईंचं काम हलकं होईल. पहाटे फुटली. मला बरंच वाटलं.

सर्जनबाईंनी पाहिलं आणि हातमोजा तसाच धरून विचारलं, "अज्जी, हे कुणी केलं?"

"मीच. चांगलं पिकलंय ना?"

त्या कानडीत सावकाश बोलल्या. मला निम्मं कळलं, निम्मं शैलानं सांगितलं. आत गाठीची पिशवी असते. ती अख्खी निघाली तरच गाठ जाते. अशा लाल, फुटलेल्या जागेत ती धड निघत नाही. "तुम्ही दर वेळी पाणी सांडता आणि मडकं आतच ठेवता." आज फक्त पू काढून जागा धुणार. सूज पूर्ण उतरल्यावर, सहा आठवड्यांनी, पिशवी काढायची. तोवर पोटीस नाही, दाबणं नाही.

सुई टोचली तेव्हा मी ओरडले. खोटं का सांगू?

बाहेर शैला म्हणाली, "हात लावू नको म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"मग काय. सवय."

ती औषधं आणायला गेली. मी भिंतीला खांदा टेकून उभी राहिले. एवढ्या लांब येऊन मी मडक्याला पुन्हा जीवदान दिलं होतं.

चार दिवस पट्ट्या बदलून परत निघाले, पुन्हा डाव्या कुशीवर.

गल्लीत शिरले तर शेजारची मालन तिच्या दारात हात वर धरून उभी. काखेत गळू. "मावशी, कवापास्नं वाट बघालोय. पोटीस बांधा की."

"नाही बांधत. दवाखान्यात जा."

मीठ मागितलं आणि नाही म्हटलं, असं तिचं तोंड झालं. मला तिची बहीण आठवली, पलीकडचा सुतार आठवला. त्यांच्या गाठीही फिरून फिरून येतात. त्यांनाही मीच बांधत आले.

"बरं, बसा तरी," म्हणत मालननं पाट सरकवला.

"सहा आठवड्यांनी बसते," मी म्हटलं, आणि तिनं दिलेला चहा उभ्यानंच घेतला.