काळबांडे मास्तरांनी न ऐकता दिलेली मुलाखत

श्री. नामदेवराव काळबांडे यांना साठ वर्षे पूर्ण होत असल्याने या गौरवग्रंथासाठी मी लेख लिहावा, असे समितीने कळवले तेव्हा मला आधी हसू आले आणि मग थोडी लाज वाटली. वर्ध्याच्या आमच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत मास्तर पहिल्यांदा आले त्या दिवशी, यांना घेऊ नका म्हणून सगळ्यांत जास्त आवाज मीच चढवला होता. माझा स्वभाव तापट आहे हे माझे विद्यार्थी, सहकारी आणि आमचे हे तिघेही सांगतील. तेव्हा पहिल्या ओळखीपासून सगळे खरे खरेच लिहिते.

मास्तरांची हयात हिंगणघाटला गेली. तिथल्या एका कापड गिरणीत ते सव्वीस वर्षे माग खात्यात होते. आधी विणकर, मग जॉबर, म्हणजे मागांच्या एका रांगेचे कर्तेधर्ते. नव्वदच्या दशकात ते खाते बंद पडले आणि वयाच्या पन्नाशीजवळ मास्तर घरी बसले. घरात पत्नी इंदूताई, दहावीत शिकणारी वर्षा आणि थकलेल्या आई. इंदूताईंच्या भावाने सुरतेला काम पाहून ठेवले होते, पण आईंनी स्पष्ट सांगितले होते, "मी वेणा नदी सोडून कुठी येत नाई. तुमी जा." आईंना टाकून जायचे कसे आणि वर्षाची शाळा मध्येच तोडायची कशी, या विचाराने घरात कुणाला जेवण गोड लागत नव्हते. अशात आमच्या शाळेत विणकाम शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा निघाली. वर्धा म्हणजे रोज एसटीने जाऊन येण्याजोगे. ही जागा मिळाली तर घर जागेवर राहणार होते.

एकच अडचण होती. मास्तरांना ऐकू येत नव्हते. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे राहून दोन्ही कान गेले होते. गिरणीत हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण तिथे सगळेच एकमेकांचे ओठ पाहून आणि हातवारे करून बोलत. घरी मात्र ठाऊक होते. त्या घरात मास्तरांकडे पाठ करून कुणी बोलत नसे आणि गल्लीत कुणाला याचा पत्ता लागू देत नसे. इंदूताईंचा धाकच तसा होता. कान गेलेल्या माणसाला कोण काम देतो, असे त्यांना वाटे.

मग मायलेकींनी मुलाखतीची तयारी करून घेतली. वर्षाने प्रश्नांची यादी केली: पहिला नावाचा, दुसरा शिक्षणाचा, तिसरा अनुभवाचा, चौथा कुटुंबाचा. इंदूताई डोक्यावर टोपी घालून अध्यक्ष व्हायच्या आणि "हं, बोला काळबांडे!" म्हणून दरडावायच्या. आठ दिवसांत मास्तरांची उत्तरे क्रमाने तोंडपाठ झाली.

आता आमच्या संस्थेचे अध्यक्ष कसे होते, ते सांगायला हवे. निवृत्त मुख्याध्यापक, मनाने मऊ. पण मिशी अशी घनदाट, की दोन्ही ओठ तिच्याआड. त्यांनी आपुलकीने विचारले, "बसा. एसटीने आलात की रेल्वेने?"

"नामदेव सखाराम काळबांडे."

"बरं, चहा घेणार?"

"सातवी पास."

"आमची शाळा कधी पाहिली होती का?"

"सव्वीस वर्षं, साहेब."

"मग कामावर कधीपासून येता?"

"लग्न झालं हाये. एक मुलगी."

माझे डोके फिरले. "अहो, यांना ऐकू येत नाही!" मी ओरडलेच. "मुलांना ऐकू येत नाही, त्यात शिक्षकांनाही नाही, मग या शाळेत ऐकायचे कुणी?" मास्तरांना दाराकडे हात करून बाहेर बसायला सांगितले. ते निमूट उठले. बिचाऱ्यांना वाटले, मुलाखत छान झाली.

व्हरांड्यात वर्षा फाइल घेऊन बसली होती. तिने खुणेनेच विचारले, कसे झाले? मास्तरांनी गिरणीतल्या सवयीने, तोंडातून आवाज न काढता, ओठ मोठे करून सांगितले, "त्या मिशीवाल्याचं एक अक्षर दिसून नाई राह्यलं. मिशी हाये का झाडू?" कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज काढला नाही, पण समोरच्या खिडकीत माझा अख्खा वर्ग बसलेला होता, आणि ओठांवरून बोलणे ओळखायचे धडे मी त्यांना चार वर्षे दिले होते. सगळी पोरे खदाखदा हसू लागली. रेखा नावाची माझी विद्यार्थिनी तर धावत आत आली आणि अध्यक्षांकडे बोट दाखवून नाकाखाली हाताने झाडू मारून दाखवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काय घडले ते अध्यक्षांच्या ध्यानात आले. त्यांनी मास्तरांना आत बोलावले, दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि विचारले, "आता दिसतं का?"

मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले. दारातून वर्षा मानेने 'नाई नाई' करत होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले आणि हात जोडले. "दिसते साहेब. पण ऐकू नाई येत. लपवून राह्यलो होतो. घरच्यायचा दोष नाई, माह्याच्यासाठी केलं त्यायनं."

वर्षाला रडू फुटले. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मुलांना यांचं बोलणं इतक्या लांबून कळलं. आपलं किती कळतं, ते एकदा विचारून पाहा." मास्तरांना एका वर्षासाठी तात्पुरते घेतले गेले.

पुढच्या वर्षभरात मास्तरांनी काय केले, हे आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे. शाळेतले दोन हातमाग कोपऱ्यात धूळ खात पडले होते. मास्तरांनी पहिल्या आठवड्यात ते उघडले, पुसले, जोडले. मुलांचे तळवे मागाच्या लाकडावर टेकवून ते ठोका ओळखायला शिकवत. सूत तुटले की लाकडाचा हादरा बदलतो. ते स्वतः गिरणीत याच युक्तीवर निभावत आले होते. तुटलेले सूत फेकून दिलेले त्यांना अजिबात खपत नसे. गाठ मारायलाच लावत आणि गाठ वाईट असेल तर पुन्हा मारायला लावत. कुणी कान झाकायला केस पुढे ओढले, तर हाताने केस मागे सारून म्हणत, "लपवतं काऊन? ऐकू येत नाई तं येत नाई."

माझ्यावरचे त्यांचे उपकार वेगळेच आहेत. एकदा माझा घसा असा बसला की डॉक्टरांनी तीन आठवडे तोंड उघडायला बंदी केली. न बोलता मी राहणार कशी, याचीच घरात चिंता. मास्तर रोज मधल्या सुटीत समोर येऊन बसत आणि मला गिरणीतले हातवारे शिकवत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, आता तुमी चांगल्या बोलून राह्यल्या." असे कुणी दुसऱ्याने म्हटले असते तर त्याची धडगत नव्हती.

वर्ष संपले आणि कायम करायची वेळ आली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. सगळ्यांनी सल्ला दिला की डॉक्टर गुळगुळीत दाढीचे आहेत, ओठ नीट दिसतात, निभून जाईल. इंदूताईंनी तर हात जोडले, "या एका बारीले चूप राहा जी." सुरतेहून भावाचे पुन्हा पत्र आले होते. मास्तर दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, माह्या मागं उभे राहून बोला." दाखल्यावर लिहून आले: दोन्ही कानांनी बधिर. मी चिडून विचारले, हे काय करून बसलात? ते म्हणाले, "पोरायले लपवू नका म्हणतो अन् मीच लपवू?"

त्या घरात दोन महिने कसे गेले असतील! अध्यक्ष आणि मी जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घातले. तिथे एका कारकुनाने सुचवले, अपंगांसाठी राखीव असलेली जागा तुमच्याकडे रिकामी आहे, तीवर यांचे नाव का पाठवत नाही? जो कागद आडवा येईल म्हणून सगळे घाबरले होते, तोच कागद जोडून अर्ज गेला आणि मास्तर कायम झाले.

हुकूम घेऊन मी स्वतः हिंगणघाटला गेले. वर्षाने वाचून दाखवला. आई अंथरुणावरूनच म्हणाल्या, "म्हणजे कोणी कुठी जात नाई ना?" इंदूताई उठल्या, पेढे आणले आणि दारात उभ्या राहिल्या. शेजारणींनी विचारले, काय झालं? त्यावर इतकी वर्षे गल्लीत ब्र न काढलेल्या इंदूताई भर दुपारी, चार घरांपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या घरच्यायले दोन्ही कानानं ऐकू येत नाई! सरकारनं लिहून देल्लं! घ्या, पेढे घ्या!" मास्तर उंबऱ्यात उभे राहून त्यांचे ओठ पाहत होते. ते आधी लाजले, मग हसले आणि मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मीही पदर तोंडाला लावला, उगाच खोटे कशाला सांगू.

मास्तरांना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य लाभो. इंदूताईंच्या तोंडाकडे पाहत पाहत त्यांची शंभरी पार पडो. समारंभाला येणाऱ्या सर्वांना एक विनंती. टाळ्या वाजवू नका, मास्तरांना त्या ऐकू येत नाहीत. दोन्ही हात वर करून हलवा, आमची मुले करतात तसे. आणि मिशीवाल्यांनी कृपया पहिल्या रांगेत बसावे, म्हणजे तुमच्या शुभेच्छा त्यांना दिसतील.