चौकशीआधी तांब्याभर पाणी

माझी नणंद केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे. हे वाक्य मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. बस स्टँडवर शेजारच्या बाईने "घरी कोण कोण असतं?" एवढं विचारलं तरी मी दोन वाक्यांत नणंदेपर्यंत पोचते. नवरा म्हणतो, "बहीण माही, आन् मिरवून तू राह्यली." म्हणू दे. त्याला बहिणीचं तोंडावर कौतुक करता येत नाही, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं आहे.

आमचा तांडा उमरखेडपासून फार लांब नाही. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, आम्ही हळद आणि सोयाबीन पिकवतो. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतो, पण वाचणाऱ्याची पंचाईत नको म्हणून इथे सगळ्यांना वऱ्हाडीत बोलायला लावलं आहे. फक्त आईला आम्ही 'याडी' आणि वहिनीला 'भोजाई' म्हणतो, ते तसंच ठेवलंय. सासूला मीही याडीच म्हणते.

मी लग्न होऊन आले तेव्हा नणंद शाळेत होती. उमरखेडला सायकलने जायची आणि येताना डोक्यात दहा प्रश्न घेऊन यायची. पोरगी नव्हती, नुसती कटकट होती. मी अंगणवाडीतून थकून यावं, तर ही चुलीपाशी बसून मला विचारणार, "भोजाई, तुमच्या अंगणवाडीतली साखर कुठून येते? म्हंजे पहिले कुठून?" मी म्हणायची, "दुकानातून." "आन् दुकानात?" या पोरीचं लग्न झालं की नवरा आठवड्याभरात पळून जाईल, असं मी सासूला बोलून दाखवलं होतं.

तिची सायकल बाजाराजवळचे एक चाचा दुरुस्त करायचे. पंक्चर असो नसो, ती तिथे थांबायची. चाचांचा धाकटा मुलगा तिच्यापेक्षा थोडा मोठा होता, हाताने फार हुशार, वाकडं चाक नजरेने सरळ करणारा. तो नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला. आधी दुकानातून पाने-पकडी गायब व्हायला लागल्या, मग तोच गायब व्हायला लागला. शेवटी एका सकाळी तो शाळेच्या मैदानामागे मरून पडलेला सापडला. चाचा त्यानंतरही दुकान रोज उघडायचे, पण चाक फिरवून बघताना मध्येच हात थांबायचा.

सगळं गाव हळहळलं. कुणी संगतीला दोष दिला, कुणी नशिबाला. आमची कटकट मात्र घरी येऊन म्हणाली, "गोळी उमरखेडात त बनत नाही. कोणी तरी बनवते, कोणी तरी गाडीत टाकते, कोणी तरी इथं उतरवते. एवढ्या लोकाइच्या हातातून आली, आन् कोणालेच कसं नाही दिसली?" साखरेचाच प्रश्न होता तो. पण त्या दिवशी मी तिला गप्प बस म्हटलं नाही.

या कामाचं एक खातं असतं आणि त्यात परीक्षा देऊन जाता येतं, हे तिला कॉलेजात कळलं. मग तिने डोक्यात घेतलं ते घेतलंच. पुसदच्या अभ्यासिकेत दिवसभर बसायची. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं. घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नाही, तिसऱ्या दिवशी ती परत पुसदच्या गाडीत. मला तिचा हेवा वाटायचा, खरंच सांगते. इतकं एका गोष्टीच्या मागे लागणं मला जन्मात जमलं नाही.

दुसऱ्या खेपेला लेखी परीक्षा निघाली. मग शारीरिक चाचणी, आणि त्यात चक्क सायकल चालवायची होती. ऐकून मी पोट धरून हसले. आयुष्यभर जे फुकट केलं, त्याची सरकार परीक्षा घेणार! चाचांनी तिची सायकल पूर्ण खोलली, धुतली, तेल दिलं. "तिथं दुसरी सायकल देतील चाचा," ती म्हणाली. चाचा म्हणाले, "देऊ दे ना बेटा. पण तयारी त याच्यावरच करशील." चाचणीत ती पास झाली. ते सांगायला ती चाचांकडे गेली, तेव्हा त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन रडले.

आता एकच गोष्ट उरली होती, पोलीस पडताळणी. उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहतो का, चालचलणूक कशी, हे स्थानिक ठाण्याचा माणूस येऊन विचारतो आणि अहवाल पाठवतो. अहवाल वाईट गेला तर सगळ्या मेहनतीवर पाणी. आम्हाला त्याची काळजीच नव्हती. तिच्याबद्दल वाईट सांगणार तरी कोण?

या चौकशीला ठाण्याचे जमादार आले त्या दिवशी नणंद एका दाखल्यासाठी यवतमाळला गेली होती आणि मी अंगणवाडीच्या मीटिंगला उमरखेडला. संध्याकाळी मी परत आले तर सासू ओट्यावर बसून माझीच वाट बघत होती. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा भाव.

"आज तुह्या नणदेले वाचवलं म्या," ती म्हणाली.

"कोणापासून?"

"पोलीस आलता. नाव घेऊन विचारत होता, हे पोट्टी इथं राह्यते का. म्या सांगतलं, मले पोट्टीच नाही."

सासूने पुढचं सगळं सविस्तर सांगितलं. तांड्याच्या कारभाऱ्याने सांगितलं, या नावाचं इथे कुणीच नाही. समोरच्या म्हातारीने तर कानावर हात ठेवले. लहानथोर सगळे एका सुरात बोलले. एकमेकांचे बैल बांधावरून हाकलताना जे लोक वर्षानुवर्षं भांडतात, त्यांची त्या दिवशी अशी एकी झाली की विचारू नका. सगळ्या तांड्याने मिळून माझ्या नणंदेची नोकरी बुडवली होती, आणि सगळे खुशीत होते.

मी सासूवर ओरडले. नोकरीची चौकशी होती ती, हे तिला समजावलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला.

नणंद शेवटच्या बसने आली. मी तिला सगळं एका दमात सांगितलं. वाटलं, ही आता आकाशपाताळ एक करेल. तिने पायातली चप्पलही काढली नव्हती. तशीच उभी राहून तिने आईला विचारलं, "याडी, त्यानं पाणी पेलं होतं का?"

"नाही पेलं," सासू म्हणाली. "म्या तांब्या भरून नेला. नको म्हणला. त्याच्या गाडीले त्याची बाटली होती."

नणंद आईच्या शेजारी जाऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. मलाही कळायला हवं होतं, पण मी दुसऱ्या तांड्यातून आलेली, ती गोष्ट मी फक्त एकदाच ऐकली होती.

आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात. तो पाणी पिईपर्यंत तो कुणाला काही विचारत नाही आणि त्यालाही कुणी काही विचारत नाही. पाणी प्यालेला माणूस घरचा, मग त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. सासू लहान असताना तिच्या तांड्यावर एक पोलीस आला होता. शेजारच्या गावात चोरी झाली होती, आणि तेव्हा कुठे काही हरवलं की आधी तांड्यावर यायचे. त्याने पाणी नाकारलं आणि अंगणात खेळणाऱ्या पोरीला विचारलं, "तुझा बाप कुठं हाये?" पोरीने बोट दाखवलं. बापाला घेऊन गेले. कुठे नेलं, ते कुणीच सांगेना. तिची आई या ठाण्यातून त्या ठाण्यात पायी हिंडत राहिली. बाप निर्दोष सुटून आला, पण बऱ्याच दिवसांनी, आणि एका कानाने बहिरा होऊन. ते बोट सासू अजून विसरलेली नाही.

"तुह्यावर राग नाही मले," नणंद तिला म्हणाली. "तू बराबर केलं. उद्या त्याले पाणी पाजू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. जमादार वयस्क होते, कपाळाला हात लावून बसलेले. "मॅडम, तुमच्या सख्ख्या आईनं सांगतलं का तिले पोरगी नाही. आता मी काय लिहू? इतक्या वर्षाच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं." अहवाल त्यांनी अजून पाठवला नव्हता, तेवढं आमचं नशीब. नणंदेने त्यांना पाण्याचं विचारलं. जमादार ओशाळले. म्हणाले, "पोट बिघडलं होतं हो. डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलं. माह्या मनात दुसरं काही नव्हतं." नणंदेने त्यांना शांतपणे आजोबांची गोष्ट सांगितली. त्यात कुठेही आवाज चढला नाही, कुठेही विनवणी नव्हती. मी तिच्याकडे बघत राहिले. ऐकून झाल्यावर जमादारांनी टोपी उचलली आणि म्हणाले, "चला."

तांड्यावर पुन्हा गर्दी जमली. सासूने तांब्या आणला. जमादारांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि पूर्ण रिकामा केला. डॉक्टरचं काय व्हायचं ते होवो. मिशा पुसून त्यांनी विचारलं, "माय, हे पोरगी तुमची होय का?"

सासू बोलेना. मी नणंदेला कोपराने ढोसलं, की तू तरी बोल. ती जागची हलली नाही. "तिचं तिले सांगू दे," एवढंच माझ्या कानात म्हणाली. तिच्या सगळ्या वर्षांची मेहनत तिथे टांगलेली होती आणि ही बया आईला वेळ देत उभी होती. मी असते तर आईला गदागदा हलवलं असतं.

बऱ्याच वेळाने सासूने विचारलं, "कुठं नेनार तिले?"

"मी नाही नेत, माय. सरकार नेते, नोकरीले. पहिले ट्रेनिंग हाये. कुठं, कवा, सगळं कागदावर येईन, घरी येईन. तुमाले माहीत असल्याबिगर कोणी नाही नेत."

सासूने एकदा लेकीकडे बघितलं. मग ताठ झाली आणि म्हणाली, "हाये, साहेब. माही पोट्टी हाये."

मग जो धरणाचा दरवाजा उघडला! कारभारी, समोरची म्हातारी, सगळेच तिचे गुण सांगायला लागले. कुणी तिचे दहावीचे मार्क सांगितले, कुणी तिने बैलाला विहिरीतून कसं काढलं ते. जमादार म्हणाले, "थांबा हो, एवढं लिहायले जागा नाही."

ती नोकरीला लागून आता काही वर्षं झाली. मागच्या सुट्टीत ती घरी आली होती. सासू अंगणात हळकुंडं निवडत होती, आम्ही दोघी तिच्याजवळ. नणंद कामाबद्दल फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. एका डोंगरातल्या वस्तीवर तिची तुकडी गेली होती. ट्रकातून माल आणणारा एक माणूस त्यांना हवा होता. साखर पहिले कुठून येते, तेच शोधत. वस्तीतल्या सगळ्यांनी सांगितलं, असा कुणी इथे नाही. सोबतचे लोक चिडले, परत फिरायला निघाले. तेवढ्यात एका म्हातारीने पाणी आणलं.

"आमाले शिकवलेलं असते, अशा घरी काहीच खायचं-प्यायचं नाही," ती म्हणाली. "त्यात काय टाकलं असन, काय माहीत."

"मंग?" मी म्हटलं.

"पेली. सायबानं नंतर लय झापलं. पण म्या पेली, तिच्याजवळ बसली. लय वेळानं ती म्हणली, हाये. माहं पोरगं हाये, मागच्या खोलीत हाये."

माझा ऊर भरून आला. मी काहीतरी बोलणार होते, पण सासूचे हात थांबले होते. तिने मान वर केली.

"तिचं पाणी पेली," ती म्हणाली, "आन् तिचं पोरगं नेलं?"

नणंदेने नजर चुकवली नाही.

"नेलं, याडी. त्याच्या गोळ्याईनं कोणाची तरी पोरं मरत होती. पण तिच्यापुढून नेलं. बेड्या घालायच्या पहिले तिले सांगतलं, कुठं नेतो, कोणत्या कोर्टात उभं करतो, कवा भेटता येते. कागद तिले वाचून दाखवला, मंग त्याच्यावर तिचा अंगठा घेतला. माहा नंबर देल्ला. ती अजून फोन करते मले. कवा रडते, कवा शिव्या देते. मी उचलते."

सासूने हातातलं हळकुंड खाली ठेवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली, माठातून तांब्या भरून आणला आणि लेकीच्या पुढे धरला. नणंदेने तो दोन्ही हातांनी घेतला. ती पाणी पिईपर्यंत आम्ही कुणीच काही विचारलं नाही.