माश्यांसाठी लावलेली फुलं, माश्यांवरच फवारलेली

लॉकडाऊन उठून मेलबर्नबाहेर जायची परवानगी मिळाली, त्या आठवड्यात आमच्या ओळखीतले निम्मे लोक समुद्रावर पळाले. मी मात्र डेल्सफर्डच्या अलीकडच्या एका फार्मवर अर्ध्या दिवसाचं वर्कशॉप बुक केलं. विषय होता भाज्यांच्या राखणीसाठी फुलं. हे सगळं मी रागातच लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. कोणी अशा ठिकाणी जायचा विचार करत असेल, तर पूर्ण वाचा आणि मग पैसे भरा.

कारण अगदी घरगुती होतं. आम्ही मेलबर्नच्या कडेला टार्निटला राहतो. घरात अडकून पडलो होतो तेव्हा मी मागच्या अंगणात कोबी, केलची पालेभाजी, टोमॅटो लावले, आणि कोबीवर अशी माव्याची कीड पडली की पानाचा रंग दिसेना. मी ऑनलाइन स्प्रे मागवला. तो आला तसा बाबांनी उचलला आणि गॅरेजमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.

बाबा साताऱ्याकडे कृषी सहायक होते. निवृत्त झाले, आई गेली, मग तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच राहिले. व्हिसा वाढवत वाढवत वर्ष होत आलं होतं.

"मित्रकिडी येऊ देत," ते म्हणाले. "ढालकिडा येईल, सिरफिड माशी येईल. माशी फुलावर जेवते, पानावर अंडी घालते आणि तिची अळी मावा खाते. पण आधी तिला फूल तर दे! तुझ्या अंगणात आहे काय? गवत आणि काँक्रीट."

इथे कोणती फुलं चालतात ते बाबांना माहीत नव्हतं आणि मला तर काहीच माहीत नव्हतं. म्हणून हे वर्कशॉप. माणशी पंच्याऐंशी डॉलर, मुलांना फुकट. नवऱ्याची ऑन-कॉल ड्युटी होती, त्यामुळे निघालो मी, बाबा आणि माझी नऊ वर्षांची रेवा.

टार्निटहून सव्वा तास धरा. वेस्टर्न फ्रीवेने बॅकस मार्श, पुढे बॅलनला फ्रीवे सोडायचा. बॅकस मार्शला रस्त्याकडेच्या फळांच्या शेडवर थांबाच. आम्ही स्ट्रॉबेरी घेतल्या आणि गाडीतच संपवल्या. बॅलननंतर रस्ता वळणांचा आहे, कांगारू कधीही आडवे येतात, वेग कमी ठेवा. किती महिन्यांनी क्षितिज दिसत होतं! बाबा खिडकीची काच खाली करून बाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "माती लाल आहे गं इथली."

फार्म फोटोत होता तसाच देखणा. क्यूआर कोड स्कॅन करून आत गेलो. लाकडी डेकवर कॅफे, आणि डेकला लागून ॲलिसमच्या बारीक पांढऱ्या फुलांचा जाड गालिचा. त्यामागे शेपू, झेंडू, फुललेली कोथिंबीर. आम्ही दहा-बाराजण दीड-दीड मीटर सोडून उभे राहिलो. मालक डॅमियन, पन्नाशीचा, स्ट्रॉ हॅट घातलेला. बोलायला गोड. बाबांकडे बघून त्याने मला विचारलं, "डॅड इंग्लिश बोलतात का?"

"समजतं त्यांना," मी म्हटलं.

तरीही तो बाबांशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागला. "धिस इज अ फ्लावर. गुड बग्ज लाइक फ्लावर." पुढे सगळ्यांकडे वळून म्हणाला, "भारतात अजून सगळं स्प्रेवरच चालतं, त्यामुळे त्यांना हे नवीन असणार."

ज्या माणसाने बांधाबांधाने फिरून लोकांना भाज्यांच्या कडेने चवळी आणि मका लावायला सांगितलं, त्याला हा फूल म्हणजे काय ते शिकवत होता! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझ्या कोपराला हात लावला. "बोलू दे त्याला. आपण फुलं बघू."

आणि ते खरंच फुलं बघायला लागले. डॅमियन शेपूबद्दल सांगत होता तेव्हा बाबा ॲलिसमजवळ उकिडवे बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी रेवाला हाक मारून तळहात पुढे केला. त्यावर सात-आठ पट्टेरी सिरफिड माश्या पडल्या होत्या. एकीचे पाय अजून हलत होते.

"आजो, आर दे ऑल डेड?" रेवाने विचारलं, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

बाबा उठले. मला म्हणाले, "त्याला विचार, औषध कधी मारलं. आणि मी बोलतो तेवढंच सांग. तुझा राग मध्ये घालू नकोस."

मी विचारलं. डॅमियन हसला. "अरे, ते होय! काल संध्याकाळी डेकच्या बाजूला थोडं पायरेथ्रम मारलं. आज कॅफेत ब्रंचची गर्दी आहे, लोकांना खाताना स्कोन-केकवर माश्या नको असतात. नॅचरल आहे ते, फुलापासूनच बनतं. नो वरीज."

"शेवंतीच्या कुळातलं आहे, मला माहीत आहे," बाबा म्हणाले. मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगत गेले. "पण माशीला त्याचं काय? तुम्ही फुलं लावून तिला जेवायला बोलावलं आणि ताटात विष घातलं. फुलं नसती तर ती इथे आलीच नसती. जगली असती."

डॅमियनने आम्हाला फ्री कॉफीचं कूपन देऊ केलं. कॉफीचं कूपन! तेव्हा मात्र मी बाबांचं ऐकलं नाही. पैसे परत मागितले, तेही सगळ्यांसमोर, मोठ्याने, एकेक शब्द तोडून.

पैसे मिळाले नाहीत. पण आमच्यामागोमाग वर्कशॉपला आलेल्या एक बाई बाहेर आल्या. ग्लेनिस, सत्तरीच्या पुढच्या, पायात गमबूट. त्या म्हणाल्या, "माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे. बाग म्हणजे नुसता पसारा आहे, पण जिवंत आहे. तुझ्या वडिलांना दाखवायला आवडेल."

पसाराच होता. गाजरं काढायची राहून फुलोऱ्यावर आलेली, पांढऱ्या गाजरासारखा पार्सनिप वाढून माझ्या डोक्यापर्यंत उंच, कोबीच्या मधेमधे मोहरी. आणि सगळीकडे गुणगुण. बाबांनी एक पान उलटलं, त्यावर माव्यात बसून जेवणारी काळी-नारिंगी अळी होती.

"ढालकिड्याची," बाबा म्हणाले.

"लेडीबर्ड," ग्लेनिस म्हणाल्या.

पुढचा तासभर दोघं असेच पानं उलटत फिरले, हे मराठीत नाव सांगतायत, त्या इंग्रजीत. मला कोणी भाषांतर करायला बोलावलं नाही. निघताना ग्लेनिसनी ॲलिसमच्या आणि मोहरीच्या बियांची पाकिटं दिली. पैसे घेतले नाहीत, रेवाच्या हातात लिंबू केकही ठेवला.

परतीच्या वाटेवर मी डॅमियनला यथेच्छ शिव्या घातल्या. बॅकस मार्श गेल्यावर बाबा बोलले. "नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही फवारा म्हणूनच सांगायचो. वरून तसंच यायचं. मी फवारायला सांगितलेल्या वांग्याच्या एका शेतात सकाळी मधमाश्यांचा सडा पडलेला पाहिला, तेव्हा कळलं. तो शेतकरी मला एक शब्द बोलला नाही. बोलायला हवं होतं त्याने. म्हणून आज तू बोललीस ते बरं केलंस."

घरी येऊन मी बिया पेरल्या. त्या फुलेपर्यंत कोबीचे तीन गड्डे माव्याने खाल्ले, मी हात बांधून बघत राहिले. ॲलिसम फुललं तशा माश्या आल्या, मग केलच्या पानांवर अळ्या दिसल्या. मावा पूर्ण गेला नाही, पण भाजी आमच्या ताटात यायला लागली. शेजाऱ्यांना बाबा कुंपणावरून शिकवतात, फुकट.

फार्मच्या पेजवर मी घडलं ते सगळं लिहिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, तुमची सूचना आम्ही मनावर घेतली आहे, यापुढे वर्कशॉपच्या आदल्या दिवशी फवारणी केली जाणार नाही.

म्हणजे एरवी चालूच! मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला अजूनही हसू आलेलं नाही.