बाबांच्या शेजारची जागा

दुबईला निघालो त्या सकाळी आईने टॅक्सी वसईतल्या आमच्या गावच्या चर्चपाशी थांबवली. मागच्या दफनभूमीत आमच्या घराण्याची जुनी कबर आहे. काळ्या दगडाची, वरची पहिली नावं इतकी झिजलेली की बोट फिरवून वाचावी लागतात. माझा नवरा विल्सन सारखा घड्याळ बघत होता. आई दगडावर हात ठेवून म्हणाली, "इथे तुझे बाबा. शेजारी मी. कितीही लांब जा बाय, इथे जागा आहे."

बावीस वर्षं झाली. इंटरनॅशनल सिटीतला फ्लॅट, ऑफिस, मुलीची शाळा यांत मी ते विसरले. मग एका दुपारी विल्सन ऑफिसात कोसळला, आणि खलास. मी फाइल केली: डेथ सर्टिफिकेट, कॉन्सुलेटची एनओसी, मुहैस्नाहच्या सेंटरला एम्बामिंग, कार्गोचं बुकिंग. त्याच्या घरच्यांची स्वतःची कबर नव्हती. इथेच जबेल अलीच्या दफनभूमीत पुरू का, असं मी आईला फोनवर विचारलं.

"वाळूत कशाला?" आई म्हणाली. "घेऊन ये. आपल्यात जागा आहे."

नेलं. बाबांच्या शेजारी ठेवलं. दहा दिवसांची रजा संपली, परत आले.

दीड वर्षाने आई गेली. विमानतळावरून थेट चर्चला पोचले, तर खड्डा भिंतीजवळ, सगळ्यांसाठीच्या ओळीत खणलेला.

"आपली कबर?" मी दादाला विचारलं.

"विल्सनसाठी उघडली ना. एकदा उघडली की पाच वर्षं उघडत नाहीत. नियम आहे."

"आईला ठाऊक होतं?"

"होतं ना. मला दम दिला, बायला सांगशील तर याद राख. ती तिकडचं तिकडेच उरकील."

बरोबर ओळखलं होतं तिने. उरकलंच असतं मी. सगळ्या गोष्टींचे नियम विचारणारी मी, हा एक विचारला नव्हता.

अजून तीन वर्षं आहेत. मग आईच्या अस्थी बाबांपाशी न्यायच्या, हे मी फादरांकडून लिहून घेतलंय. गावचे आणि इथले, सगळेच विचारतात, कायमची घरी कधी जाणार? माझं घर सध्या दोन ठिकाणी आहे, कबरीत आणि भिंतीपाशी.

मुलीला बसवून सांगितलं, मधेच मला काही झालं तर इथेच, जबेल अलीला.

"मम्मा, स्टॉप इट. यू वॉन्ट टू गो होम."

जायचंय. पण मला नेलं तर दादा फादरांना गळ घालून माझ्यासाठी कबर उघडायला बघेल, मग पुन्हा पाच वर्षं, आणि आई भिंतीपाशीच राहील. तिला विचारता आलं असतं, तर तीही म्हणाली असती, जागा आहे.