आईचा शब्द

मी मिरजगावजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांचा 'न' आणि 'ण' दुरुस्त करून करून माझा घसा बसतो, मग घरच्या पोरीला कशी सोडणार? ती 'पानी' म्हणाली की मी तांब्या मागे घ्यायची, 'पाणी' म्हणाली की हातात द्यायची. गंमत म्हणून सुरू केलं होतं, असं मी स्वतःला सांगते.

लेक नऊ वर्षांची. दोन वर्षांपासून तिला फिट येत होत्या आणि गोळ्यांना त्या दाद देत नव्हत्या. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. फिट सुरू व्हायची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला होती, आणि बोलण्याची, शब्द लक्षात ठेवण्याची जागाही बहुधा तिथेच शेजारी. म्हणून आधी एमआरआय मशीनमध्ये, ती चित्रांची नावं मनात घेत असताना, त्या जागांचा नकाशा काढायचा. तो चुकला तर फिटबरोबर पोरीचं बोलणंही जायची भीती. हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना.

मशीनच्या आधी नगरच्या एका दवाखान्यात चित्रांची परीक्षा होती. मानसतज्ज्ञ बाई चित्र दाखवणार, लेकीनं नाव सांगायचं. मी शेजारीच बसले. विहिरीचं चित्र आलं. पोरीनं ओठ हलवले, थांबली, छताकडे बघितलं आणि मग म्हणाली, "विहीर." म्हशीला तसंच. विस्तवाला तर उत्तरच नाही. बाई कागदावर खुणा करत होत्या आणि मी त्या मोजत होते. घरीही ती अशीच अडखळायची. तो आजारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाईंनी पेन ठेवलं. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मला रागच आला, पण उठले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून आवाज आला, लाह्या फुटाव्यात तसा.

"इहीर. म्हस. इस्तू. कनीस."

"मग मघाशी का थांबत होतीस गं?"

"आईचा शब्द शोदत हुते."

सात वर्षं मी तिच्या तोंडातून शब्द काढून घेत होते आणि गेली दोन वर्षं नाव आजाराला देत होते. बाई बाहेर येऊन शांतपणे म्हणाल्या, "मशीनमध्येही ती अशी थांबली, तर नकाशा नीट येणार नाही. तिला सांगा, पहिला येईल तोच शब्द." मी सांगितलं. चार वेळा सांगितलं. ती मान हलवत राहिली, पण तिचा विश्वास बसला असेल असं मला वाटलं नाही.

नकाशा बरा आला. ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलते का बघू. तुम्हीच काहीतरी विचारा."

तिचे ओठ कोरडे पडले होते. मी वाकले आणि मुद्दाम तिच्याच बोलीत विचारलं, "बाळा, पानी देऊ का?"

तिनं ओठ हलवले. थांबली. छताकडे बघितलं.

"पानी न्हाई, आई," ती हळूच म्हणाली. "पाणी म्हनायचं."

डॉक्टर हसले. शब्द शाबूत आहेत, म्हणाले. मी चमचाभर पाणी तिच्या ओठांपाशी नेलं. तिनं तोंड उघडलं नाही. आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.