लिफ्ट नको, रस्ता सोडा

गेल्या मंगळवारी सकाळी इथे अमेरिकेत, सनीव्हेलच्या भर रस्त्यात एका भल्या जोडप्यानं मला सायकलवरून पाडलं. भलं म्हणते, कारण ते मला मदत करायलाच थांबले होते... वाईट माणसं असती तर आपली आपली निघून गेली असती आणि माझं कोपर शाबूत राहिलं असतं.

मी इथे मुलाकडे राहते. शिक्षण चौथी. इंडियन ग्रोसरीच्या मागे किचन आहे, तिथे रोज सकाळी पोळ्या करायला जाते, आणि सायकलनं जाते. मुलाचं ऑफिस उलट्या बाजूला, गाडी मला चालवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या सोयीनं कामावर जायचं तर काम सुटलंच म्हणून समजा.

इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जायची तेव्हाही सायकलच होती. ट्रक, बैलगाड्या, डुकरं, सगळं चुकवत गेले. इथे तर रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा मारून सायकलला वेगळी वाट दिलीय. हेल्मेट, पुढे-मागे लाइट, अंगात चमकणारं जॅकेट... सुनेनं मला पार रस्ता खणणाऱ्यांसारखं सजवलंय. परके लोक लांबून वळसा घालून जातात.

मला भीती वाटते ती आपल्या लोकांची.

सायकलवर म्हातारी दिसली की त्यांना वाटतं, मुलानं टाकली. लगेच ब्रेक, गाडी माझ्याच पट्ट्यात, काच खाली. "अहो मावशी, सायकलवर कशा? बसा, बसा." नाही म्हटलं की आणखी कळवळा येतो. मग त्यांची गाडी चुकवायला मला धावत्या मोटारींत शिरावं लागतं. पुण्य त्यांचं, जीव माझा.

मंगळवारी महाराष्ट्र मंडळातले शिरीषभाऊ आणि वहिनी होते. मला मागे टाकून त्यांनी गाडी थांबवली, अर्धी रस्त्यात, अर्धी माझ्या पट्ट्यात. म्हटलं फूटपाथच्या बाजूनं निघून जाऊ... तेवढ्यात वहिनींनी प्रेमानं दार उघडलं. मी दारावर आणि सायकल माझ्यावर.

"अगंबाई, पडलात की हो," वहिनी म्हणाल्या. मला तोवर कळलंच नव्हतं जणू.

कोपर सोललं होतं, त्याला रुमाल बांधून कामावर गेले. पोळ्या काही कोपरानं लाटत नाहीत.

संध्याकाळी घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. शिरीषभाऊंनी मुलाला फोन केला होता, ताईंना आता सायकल झेपत नाही म्हणून. दार कुणी उघडलं ते सांगायचं बहुतेक राहून गेलं.

"आई, सायकल बंद. कुलपाची किल्ली दे इकडे."

"मी पडले नाही, मला पाडलं."

"तेच ते."

"तेच ते कसं? तुझ्या गाडीला कुणी मागून ठोकलं, तर तू गाडी विकतोस का?"

सून भांडी लावत होती, तिथूनच म्हणाली, "पॉइंट आहे आईंचा."

"तू मधे बोलू नकोस. आई, लोक मला फोन करतात गं. तुमच्या आई सायकलवर दिसल्या म्हणून. मला कसं वाटत असेल?"

आता कळलं. सोललं होतं माझं आणि ठणकत होतं ह्याचं.

"उद्या गेले नाही तर ते दुसरी बाई ठेवतील," मी म्हटलं. "मग दिवसभर तुझ्या सोफ्यावर बसून काय करू? तू कधी येतोस त्याची वाट बघू?"

किल्ली काही दिली नाही. सकाळी उठले, रुमाल बदलला, निघाले.

पहिल्या सिग्नलला मागे बघितलं तर मुलाची गाडी. माझ्या सायकलच्या चालीनं, माझ्याच पट्ट्यात, लाइट लुकलुकवत येतोय... माझं रक्षण करायला. त्याच्यामागे हॉर्न वाजताहेत. त्याला ओलांडायला गाड्या बाहेर निघतात आणि परत आत घुसतात त्या थेट माझ्या अंगावर. इतक्या दिवसांत कधी घाबरले नव्हते, त्या दिवशी घाबरले.

आणि मग पोलिसांची गाडी आली, निळे-लाल दिवे लावून.

मला वाटलं, संपलं. ह्यांनीसुद्धा म्हातारीलाच पकडलं. पाय टेकून उभी राहिले. पोलीस उतरला, माझ्याकडे बघून म्हणाला, "यू आर फाइन, मॅम. गो अहेड." आणि सरळ मुलाच्या खिडकीशी गेला. मुलगा माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होता... आई आहे माझी, असंच असणार.

असेन आई. पण मला उशीर होत होता. मी निघाले.

रात्री जेवताना त्यानं आपण होऊन सांगितलं. तिकीट दिलं नाही, पण पोलिसानं चांगलं सुनावलं, की सायकलच्या लेनमधे गाडी घालू नकोस, तिला धोका तुझाच आहे. नातीला हे फारच आवडलं. "सो डॅड गॉट इन ट्रबल, अँड नॉट आजी?" तिनं दोनदा विचारलं. तो आमटी वाढून घेत होता.

किल्लीचा विषय परत निघाला नाही. काल पुन्हा कुणाचातरी फोन आला. मी कणीक मळत होते, पण कान तिकडेच होते. "हो, कामाला सायकलनंच जाते ती," हा म्हणाला. "आणि प्लीज, तिच्यासमोर गाडी थांबवू नका."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं काम लोकांना मान वर करून सांगितलं. त्याचं श्रेय त्या पोलिसाला. नाव माहीत नाही, त्याचं भलं होवो.

बाकी तुम्हा सगळ्यांना सांगते, मी रोज जाणार आहे. दिसले तर हात करा... गाडी मात्र चालती ठेवा.